बोटीतली स्वस्त पोलादी शेगडी : एका तपासणीची हकिकत

वहिनींचं डोकं दुखायचं. रोज सकाळी उठल्याबरोबर कपाळाला करकचून पट्टी बांधल्यासारखं, आणि ऑफिसात पोचून तास-दोन तास झाले की आपोआप उतरायचं. नोव्हेंबरपासून हे सुरू होतं. थंडी, सायनस, नवी जागा अशी कारणं त्यांनी स्वतःच शोधून ठेवली होती. मित्राने मला फोन केला तो यासाठी नव्हेच. तो म्हणाला, "अरे, पुढच्या महिन्यात बोटीची तपासणी आहे. त्याआधी एकदा येऊन शेगडी बघून जा. परीक्षकाने खोट काढायला नको." डोकेदुखीचं मला चहा पिताना कळलं, तेही वहिनी सहज बोलून गेल्या म्हणून. त्या एका वाक्यानंतर परीक्षकाचा विषय माझ्यासाठी मागे पडला.

दोघंही मूळचे कोल्हापूरकडचे, नोकरी इंग्लंडात रग्बी नावाच्या गावात. घरभाडं परवडेना म्हणून त्यांनी जुनी नॅरोबोट घेतली आणि हिलमॉर्टनच्या लॉक्सजवळ (लॉक म्हणजे पाणी वर-खाली करून बोट चढवा-उतरवायचा दरवाजेबंद कप्पा), ऑक्सफर्ड कालव्यावर राहायला लागले. ज्यांनी ही बोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडच्या मधल्या भागातले कालवे अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी खणले गेले, आणि त्यांच्या अरुंद लॉक्सची रुंदी जेमतेम ७ फूट. त्यामुळे बोट ६ फूट १० इंच रुंद, लांबी मात्र आगगाडीच्या डब्यासारखी. मित्राची ५७ फुटी. त्यातला राहण्याचा भाग साधारण १२ मीटर लांब, आतून पावणेदोन-एक मीटर रुंद, आणि डोकं न वाकवता कसंबसं उभं राहता येईल इतका उंच. बाहेर पोलादी पत्रा, त्याच्या आत फोम, फोमच्या आत प्लायवूड. म्हणजे एका लांब पोलादी पेटीत लाकडाची खोली बसवलेली, आणि त्या खोलीच्या एका टोकाला शेगडी पेटवलेली. झोपायची जागा दुसऱ्या टोकाला.

शेगडी म्हणजे आपली उघडी कोळशाची शेगडी नव्हे. ही बंद पोलादी पेटी, पुढे काचेचं दार, खाली राखेचा खण, वर धुराडं. आपल्या बंबाची चुलत बहीण म्हणा. बोटवाल्यांमध्ये बिडाच्या छोट्या शेगड्यांचं नाव मोठं आहे, डेन्मार्कची मोर्सो स्क्विरल तर कितीतरी बोटींत दिसते. पण त्यांची किंमत बघून बरेच जण इंटरनेटवरून पत्र्याची स्वस्त शेगडी मागवतात. ती मुळात बागेतल्या शेडसाठी किंवा तंबूसाठी बनवलेली असते. मित्राच्या बोटीतली शेगडी आधीच्या मालकाने बसवलेली. कोणी, कधी, कुठून आणली, काही कागद नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. स्वस्त आहे म्हणून शेगडी वाईट, असं मी मानत नाही. पोलादाला बिडापेक्षा एक मोठा फायदा आहे. बीड ठिसूळ असतं. तापलेलं असताना धक्का बसला किंवा गार पाणी सांडलं तर ते तडकतं. पोलाद तडकत नाही, वाकतं. चांगल्या जाडीचा पत्रा, सलग वेल्डिंग, घट्ट बसणारं दार असेल तर साधी पोलादी शेगडी वर्षानुवर्षं नीट जळते. मी तिथे गेलो तो शक्यतो ती वाचवायच्या विचाराने.

कायदा कुठपर्यंत पोचतो

इंग्लंडात घरात अशी शेगडी बसवायची तर इमारत नियमावलीचा 'जे' (J) हा भाग लागू होतो: भिंतीपासून अंतर किती, खालची लादी किती, धुराडं कसं, सगळं लिहिलेलं. बोट ही इमारत नाही, म्हणून तिला ती नियमावली बांधत नाही. बोटींसाठी बीएस ८५११ नावाची २०१० सालची आचारसंहिता आहे, आणि ती चांगली आहे, पण ती पाळलीच पाहिजे अशी सक्ती खाजगी मालकावर नाही. कालव्यावर बोट ठेवण्याचा परवाना मिळायला दर ४ वर्षांनी बोट सेफ्टी स्कीमची तपासणी लागते. १ एप्रिल २०१९ पासून त्या तपासणीत राहण्याची जागा असलेल्या बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे इंधन अर्धवट जळल्यावर निघणाऱ्या, वास आणि रंग नसलेल्या विषारी वायूचा, अलार्म असणं बंधनकारक झालं, हे फार मोठं पाऊल. पण तो परीक्षक चार वर्षांतून एकदा, दिवसा, बहुधा गार शेगडीसमोर उभा असतो. मित्राला मी तेच सांगितलं: परीक्षक पास करेलही, पण तो तुमच्यासोबत रात्री दोन वाजता झोपलेला नसतो.

त्या संध्याकाळी पहिलं काम केलं ते शेगडी विझू दिली. वहिनी माझ्या घरी राहायला आल्या. अलार्म होता, पण कपाटात, दोऱ्यांच्या आणि बल्बांच्या डब्याशेजारी, आणि मागे छापलेली मुदत संपलेली. येताना नवे दोन घेतले, ईएन ५०२९१-२ प्रकारचे, म्हणजे बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीचे. वहिनींना डॉक्टरकडे जाताना शेगडीचा उल्लेख मुद्दाम करायला सांगितलं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड साध्या हवेत चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे दुपारी रक्त दिलं तर काही सापडेलच असं नाही. त्यांच्या बाबतीत सापडलं नाही. तेव्हा डोकेदुखीचं कारण शेगडीच, असं शपथेवर मी आजही सांगू शकत नाही.

गार शेगडीची तपासणी

शनिवारी सकाळी शेगडी पूर्ण गार झाल्यावर कामाला लागलो. आधी पाटी शोधली. युरोपीय ईएन १३२४० मानकाप्रमाणे तपासलेल्या शेगडीवर एक धातूची पाटी असते: किती किलोवॉट, कोणतं इंधन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जळू शकणाऱ्या वस्तूंपासून मागे आणि बाजूला किती अंतर ठेवायचं. इथे पाटी नव्हती. मागच्या बाजूला एक करपलेला स्टिकर होता, त्यावर फक्त "५" हा आकडा वाचता येत होता. मग पत्रा मोजला. दाराच्या चौकटीपाशी ३.६ मिलिमीटर. आतली बॅफल, म्हणजे ज्वाळा अडवून वळवणारी वरची पट्टी, मधोमध पापडासारखी खाली झुकलेली. याचा अर्थ शेगडी कित्येकदा लालबुंद होईपर्यंत तापली होती. अंधारात पोलाद लालसर दिसायला लागतं ते ५०० अंशांच्या पुढे. मित्राने कबूल केलं की हवेची सरक पूर्ण बंद केली तरी कधीकधी आग आटोक्यात येत नाही, "भाता मारल्यासारखी" पेटत राहते. तिथे सरक आणि तिची खोबण यांच्यात पोस्टकार्ड सहज जात होतं.

दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेने दोरी बसवलेली असते. ती तपासायची युक्ती जुनीच आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अडखळत आली तर दोरी ठीक, अलगद आली तर नाही. बिजागरीच्या बाजूला पट्टी अडत होती, कडीच्या बाजूला लोण्यातून सुरी जावी तशी आली. हे दुरुस्त होण्यासारखं होतं. दोरी काही पौंडांना मिळते.

मग अंधार केला. खिडक्यांवर पांघरुणं टाकली, चालू टॉर्च शेगडीत ठेवला, दार लावलं, आणि मी मागच्या फटीत आरसा धरून वाकलो. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे पाठ आणि बूड एकत्र येतात, तिथे केसाएवढी उजेडाची रेघ होती. बोटभर लांब, मग अंधार, मग पुन्हा बोटभर. त्या रेघेकडे बघताच सगळा उलगडा झाला. शेगडीचे सांधे सलग वेल्ड केलेले नव्हते. टाका घातल्यासारखं तुटक वेल्डिंग, आणि मधल्या फटी फायर सिमेंटने लिंपलेल्या. मागे धूर बाहेर काढायचं दुसरं तोंड होतं, ते गोल झाकणाने बंद केलेलं, आणि त्या झाकणाभोवतीचा लिंपणाचा कडा नखाने सुटून हातात आला.

बागेतल्या शेडमध्ये अशी शेगडी कदाचित निभावून जाईल. शेड हलत नाही. बोट हलते, आणि नुसती हलत नाही, आदळते. लॉकच्या दगडी भिंतीला घासते, वाऱ्याने काठावर लोटली जाते, इंजिन सुरू झालं की सबंध पत्रा थरथरतो. तापून फुगणारं आणि गार होऊन आखडणारं पोलाद एकीकडे, कडक आणि ठिसूळ सिमेंट दुसरीकडे, वर हे धक्के. लिंपण टिकणार कसं? आणि ते सुटतं तेही मागे, खाली, जिथे कोणी बघत नाही.

भिंत

शेगडीच्या मागे आणि डाव्या बाजूला सुंदर निळ्या-पांढऱ्या टाइल्स होत्या. वहिनींना बोट आवडली ती त्या टाइल्समुळे. मित्र म्हणाला, "भिंतीची काळजी नको रे, टाइल्स आहेत." हा गैरसमज फार ठिकाणी भेटतो, म्हणून इथे जरा थांबतो.

टाइल जळत नाही हे खरं. पण प्लायवूडला चिकटवलेली टाइल उष्णता अडवत नाही, ती फक्त पुढे पोचवते. अडवते ती मागची मोकळी हवा. घरांसाठीची इंग्लंडातली नियमावली सांगते की साध्या एकपदरी धुराड्यापासून उघडं लाकूड व्यासाच्या तिप्पट अंतरावर हवं. मध्ये न जळणारा पडदा असेल आणि त्यामागे किमान १२ मिलिमीटर हवेची फट असेल तर दीडपट चालतं. मित्राच्या धुराड्याचा व्यास १२५ मिलिमीटर. म्हणजे पडद्याशिवाय ३७५, पडद्यासह १८८. प्रत्यक्ष अंतर होतं १६०, आणि पडदा नव्हता, कारण टाइल्सच्या मागे फट नव्हती.

इन्फ्रारेड बंदुकीने टाइलचं तापमान मोजता येतं, पण चकचकीत पृष्ठभागावर ती चुकते, आणि मला टाइलपेक्षा लाकूड किती तापतं ते हवं होतं. दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यात बारीक ड्रिलने भोक पाडलं, तापमान मोजायची तार आत सरकवायला. ड्रिलच्या टोकावर आलेला भुसा मी तळहातावर घेतला. नव्या प्लायचा भुसा फिका पिवळा असतो. हा कॉफीच्या पुडीसारखा काळसर तपकिरी होता, आणि मेथी करपल्यावर येतो तसा वास. मी काही न बोलता हात मित्रापुढे धरला. तोही काही बोलला नाही.

लाकूड पेटायला एरवी २५० अंशांच्या वर तापमान लागतं असं आपण धरून चालतो. पण महिनोन् महिने शंभर-सव्वाशे अंशांत शेकत राहिलेलं लाकूड आतून कोरडं होत, काळं पडत जातं, आणि मग त्याहून कमी तापमानाला धुमसू शकतं. म्हणून ईएन १३२४० च्या चाचणीत शेजारच्या लाकडी भिंतीचं तापमान खोलीपेक्षा ६५ अंशांहून जास्त वाढता कामा नये अशी अट आहे. केबिन २२ अंशांवर असेल तर मर्यादा ८७. त्या दिवशी दुपारी, सगळी दारं-खिडक्या उघडी ठेवून, दोन तास नेहमीची आग पेटवल्यावर टाइलमागचं लाकूड ११८ दाखवत होतं. त्या लाकडाच्या मागे फोम, आणि तो पेटला तर त्याचा धूर माणसाला दारापर्यंत पोचू देत नाही. मुख्य दाराकडे जायची वाट शेगडीच्या शेजारूनच होती.

धुराड्याचं ओढणं

आता थोडं गणित, कारण बोटीचा खरा प्रश्न इथे आहे.

धुराडं धूर ढकलत नाही, ओढतं. आतली गरम हवा हलकी, बाहेरची गार हवा जड, या दोहोंच्या वजनातल्या फरकावर सगळा खेळ. हा फरक धुराड्याच्या उंचीवर आणि आतल्या धुराच्या तापमानावर ठरतो. बाहेर ५ अंश असताना २०० अंशांचा धूर साडेचार मीटरच्या घरच्या धुराड्यात असेल, तर सुमारे २३ पास्कल (पास्कल हे दाबाचं माप) ओढ मिळते. ईएन १३२४० प्रमाणे शेगडीची चाचणी साधारण १२ पास्कलवर होते. बोटीचं धुराडं शेगडीपासून टोकापर्यंत जेमतेम २ मीटर. तोच २०० अंशांचा धूर तिथे १० पास्कल देतो. म्हणजे चांगली आग पेटलेली असतानाही बोट थोडी कमीच पडते.

रात्री काय होतं? माणूस झोपायच्या आधी कोळशाच्या विटा भरतो, हवा कमी करतो, आग सकाळपर्यंत टिकावी म्हणून. धुराचं तापमान १०० वर उतरलं की ओढ ६ पास्कल. पहाटे धुराडं ४० अंशांवर आलं की ३ पास्कलसुद्धा नाही. वाऱ्याचा एक झोत किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा इतका दाब सहज उलटवतो. नेमका त्याच वेळी निखारा कमी हवेत जळत असतो, म्हणजे सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड तेव्हा तयार होत असतो. भर म्हणजे पुलाखालून जाताना अडू नये म्हणून बोटीच्या छतावरचं धुराड्याचं टोक काढून ठेवता येतं. मित्र ते काठाला लागल्यावर परत लावायचं विसरत असे. दोन मीटरचं धुराडं दीड मीटरचं व्हायचं.

माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची, सकाळी फुंकर घातली की निखारा तयार. तिच्या स्वयंपाकघराला कौलं होती, कौलांमधून आकाश दिसायचं, भिंतीला झरोका होता. विस्तव राखायची ती पद्धत बोटीतही तशीच आहे. कौलं तेवढी नाहीत.

त्या केबिनमध्ये साधारण ४० घनमीटर हवा. त्यात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) व्हायला, म्हणजे अलार्मने तीन मिनिटांच्या आत ओरडायलाच हवं इतकं व्हायला, हवा बाहेर जात नाही असं धरलं तर फक्त १२ लिटर वायू पुरतो. तेवढा वायू ६ ग्रॅम कार्बन अर्धवट जळल्यावर तयार होतो. चहात घालतो त्या साखरेचा सव्वा चमचा. शेगडीत रात्री किलोंनी कोळसा असतो.

ही कागदी भीती नाही. जानेवारी २०१४ मध्ये व्हिटबीच्या बंदरात एश्कॉल नावाच्या मच्छीमार बोटीवर दोन तरुण मच्छीमार थंडीत ऊब यावी म्हणून गॅसच्या शेगडीचं ग्रिल चालू ठेवून झोपले, ते उठले नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये यॉर्कला डायव्हर्जन या बोटीवर डिझेल हीटरचा धूर आत गळून दोन मित्र गेले. दोन्हींची चौकशी ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने केली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच. इंधन वेगळं, खोली वेगळी, वायू तोच.

रात्रीची चाचणी

खरं उत्तर रात्रीच मिळणार होतं. मी आणि मित्र जागे बसलो, झोपायचं नाही हे ठरवून. दोन नवे अलार्म, एक आकडे दाखवणारा मीटर, दोन्ही टोकांची दारं नुसती लोटलेली, आणि मीटरने ५० दाखवले तर बाहेर पडायचं. मित्राला म्हटलं, रोज करता तसंच सगळं कर. त्याने तसंच केलं. आणि तेव्हा मला दिसलं की दाराखालच्या हवेच्या जाळीत एक जुना टी-शर्ट कोंबलेला होता आणि छतावरच्या दोन झरोक्यांवर आतून टेप लावलेली होती. "फार गार हवा येते रे." त्याला मी दोष देत नाही. बाहेर उणे २ असताना, पायाशी बर्फासारखी हवा येत असताना, जाळी बंद करावीशी वाटणारच. ज्या व्यवस्थेची सुरक्षितता माणसाने थंडी सोसण्यावर अवलंबून असते ती फार काळ सुरक्षित राहत नाही.

अकरा वाजता बिछान्याच्या उंचीवर मीटर ३. एक वाजता ११. तीन वाजता १९. चार वाजता २६, आणि पाऊण तास २४ ते २८ मध्ये घुटमळत राहिला. धूर नाही, वास नाही, काच स्वच्छ, निखारे सुंदर तांबूस. दोन्ही अलार्म गप्प.

अलार्म बिघडलेले नव्हते. त्यांचं मानकच असं आहे की ३० पीपीएमला दोन तासांच्या आत त्यांनी वाजायचं नाही, ५० ला तास ते दीड तासात वाजायचं, १०० ला १० ते ४० मिनिटांत. ते जीव वाचवायला बनवलेत, रोजच्या थोड्या थोड्या विषाची नोंद ठेवायला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची आठ तासांची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे साधारण ९ पीपीएम. वहिनी नोव्हेंबरपासून रोज रात्री त्याच्या वर झोपत असाव्यात. अलार्म वाजला नाही म्हणून शेगडी ठीक, असं कोणी म्हणालं की मला ती पहाट आठवते.

पावणेपाचला टी-शर्ट काढला, टेप सोडवली. सहापर्यंत आकडा १० वर आला. म्हणजे हवा महत्त्वाची होतीच. पण जाळ्या उघड्या असूनही १० म्हणजे शेगडी आत गळत होती. उजाडल्यावर धुराची गोळी पेटवून शेगडीत ठेवली तेव्हा मागच्या झाकणाच्या कडेने आणि त्या डाव्या कोपऱ्यातून पांढरी बारीक रेघ वर चढताना दोघांनी पाहिली.

निर्णय

शेगडी वाचवता आली असती का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. दोरी बदलता येते, बॅफल नवी घालता येते, झाकण पक्कं करता येतं. सांधे सलग वेल्ड करून घ्यायचे म्हणून जवळच्या बोटयार्डातल्या फॅब्रिकेटरला विचारलं. त्याने पाठीवर पट्टी धरून दाखवली. पत्रा आधीच बाहेर फुगलेला. म्हणाला, वेल्ड करीन, पण इतका पातळ पत्रा ओढला जाईल आणि दाराची चौकट वाकडी होईल. म्हणजे मागची गळती बुजवून पुढे नवी उघडायची. शिवाय पाटी नाही, म्हणजे अंतरं किती ठेवायची हे सांगणारा कोणी नाही. माझं मत दिलं: ही शेगडी पुन्हा पेटवू नका.

मित्राला वाईट वाटलं ते पैशांचं. त्याला वाटलं होतं दोरी आणि सिमेंटवर भागेल. मी त्याच्यासोबत कागदावर खर्च मांडला. भिंत उघडावीच लागणार होती, लादी वाढवावी लागणार होती, आणि धुराडं तर शेगडी कोणतीही असो, बदलावंच लागणार होतं. त्याचे तुकडे उलटे बसवले होते. वरच्या नळीचं बारीक टोक खालच्या नळीच्या आत जायला हवं, म्हणजे ओघळणारं डांबर आतल्या आत शेगडीत परततं. इथे ते सांध्यातून बाहेर ओघळून वाळलं होतं. हे सगळं मांडल्यावर जुनी शेगडी ठेवून वाचणारी रक्कम एकूण खर्चात किरकोळ उरली. महाग असतं ते शेगडीच्या भोवतालचं काम, आणि ते स्वस्त शेगडीलाही तेवढंच लागतं.

टाइल्स काढल्या तेव्हा प्लायवर धुराड्याच्या उंचीला ताटाएवढा काळा गोल होता, मधे कोळसा, कडेने तपकिरी. तेवढी प्लाय आणि मागचा फोम कापून काढला. त्या जागी कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड, त्यापुढे २५ मिलिमीटर मोकळी फट, वर-खाली उघडी, आणि मग पोलादी पडदा. निळ्या टाइल्स वहिनींनी जपून काढून ठेवल्या होत्या, त्या स्वयंपाकाच्या ओट्यामागे लावल्या. शेगडी बिडाची, वापरलेली पण पाटीसह, बोटीसाठीच बनवलेली. धुराडं दुपदरी इन्सुलेटेड, म्हणजे आतला धूर पहाटेपर्यंत गरम राहतो आणि ओढ टिकते. हवेच्या जाळ्यांपुढे छोटी पाटी तिरकी लावली, हवा थेट पायावर न येता वर वळावी म्हणून. ती युक्ती वहिनींची. टी-शर्ट कोंबायची गरजच राहिली नाही. अलार्म दोन: एक शेगडीपासून दोन मीटरवर, एक उशीच्या उंचीला झोपायच्या जागेत.

पुन्हा एक रात्र आम्ही जागलो. तीच थंडी, उणे १. पहाटे चार वाजता मीटर २. लाकडाच्या मागच्या तारेवर दुपारी जोराच्या आगीत ५४ अंश. उजवी बाजू अजून राहिली आहे. तिथे अंतर २३० आहे, पडदा तात्पुरता पत्र्याचा, आणि मागची प्लाय उघडून बघितलेली नाही. उन्हाळ्यात तीही उघडायची असं ठरलंय. वहिनींचं डोकं त्या हिवाळ्यात पुन्हा तसं दुखलं नाही, एवढंच त्या सांगतात.

जुनी शेगडी काठावर ताडपत्रीखाली पडली होती. पलीकडच्या बोटीतला एक तरुण दोनदा विचारून गेला, विकणार का म्हणून. मित्राची चलबिचल झाली, आलेले पैसे लादीच्या खर्चात भरता आले असते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याकडे ग्राइंडर आहे ना?" रविवारी आम्ही तिघांनी ती काठावर आडवी पाडली. धुराड्याची कॉलर मी कापली, दाराच्या बिजागऱ्या मित्राने, आणि तुकडे भंगारवाल्याच्या गाडीत वेगवेगळे टाकले.